फियाटमधून बोरघाट

हाफ पँट घालून येऊ नका. मे महिना आहे, साल १९७१, आणि तुम्हाला बसायचंय ते काळ्या रेक्झिनच्या सीटवर. आठ वाजून गेले की हे रेक्झिन मांडीला चिकटतं आणि उठताना कातडी सोडवून घ्यावी लागते. सुती पायजमा उत्तम. पायात चपला, खिशात रुमाल आणि रुमालात एक लिंबू. लिंबाचं काम घाटात पडेल.

पहाटेचे साडेचार. घाटकोपरच्या चाळीत नळ आलेत. बादल्यांचा खणखणाट, प्रायमसचा घरघराट, रॉकेलचा वास आणि त्याच वासातून वाट काढत येणारा पुऱ्यांच्या तळणीचा वास. कोपऱ्यावरच्या आरे दूध केंद्रावर रांग लागलीय, जाळीच्या क्रेटमध्ये काचेच्या बाटल्या एकमेकींवर वाजतायत. खाली गल्लीत एक फियाट उभी आहे आणि तिच्याभोवती अर्धी चाळ.

काकूंनी तुमच्याकडे एकदाच पाहिलं. "डोंबिवलीच्या वन्संकडचं ना? बस, बस, पिशवी पायाशी घे." झालं, तुम्ही घरातले झालात. मे महिन्यात या घरात इतके पाहुणे असतात की एका जास्तीच्या माणसाची कोणी चौकशी करत नाही, फक्त कणीक थोडी जास्त मळली जाते.

गाडी काकांची आहे, पण नवी नाही. नव्या फियाटसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघतात, म्हणून काकांनी दुसऱ्याच्या हातची घेतली आणि गेले दोन रविवार तिच्या पोटाखाली झोपून काढले. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्यामुळे पुढचं बाक सलग मोकळं आहे. तिथे काका, आजोबा आणि मधोमध मोठा चुलतभाऊ. मागे आजी, काकू, ताई, तुम्ही आणि काकूंच्या मांडीवर धाकटा. आठ माणसं. आजींच्या पायाशी फिरकीचा तांब्या, ताईच्या मांडीवर पुऱ्यांचा डबा. टपावरच्या कॅरियरवर होल्डॉल, पत्र्याची ट्रंक, स्टोव्ह आणि पंधरा दिवसांचा शिधा, काथ्याच्या दोरीने आवळून बांधलेला. पुढच्या बंपरला कॅनव्हासची पाण्याची पिशवी लटकतेय. ती ओली दिसते, गळतेय असं वाटतं. गळू दे. बाहेरचा ओलावा वाऱ्याने सुकत जातो तसं आतलं पाणी गार होत जातं.

काका पाचला निघणार होते. साडेसहा झालेत. आजींनी देवापुढे साखर ठेवली, कोणीतरी चाकाखाली लिंबू ठेवलं, काकांनी हँडल घातलं आणि गरकन फिरवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गाडी खोकली, हादरली आणि चालू झाली. चाळीतल्या पोरांनी कल्ला केला. हात हलवा, तेही तुमच्याकडेच बघून ओरडतायत.

आता नाक उघडं ठेवा. रस्त्याला नाव लाल बहादूर शास्त्रींचं मिळालंय, पण गाडीत सगळे अजून आग्रा रोडच म्हणतात, आणि हा रस्ता डोळे मिटूनही ओळखता येतो. विक्रोळीला गोदरेजच्या साबणाचा वास. भांडुपला सिएटच्या टायरचा, जळक्या रबराचा, घशात बसणारा. मधेच उजवीकडून मिठागरांवरचा खारट वारा. पहिल्या पाळीचे कामगार सायकलींवरून निघालेत, डबे हँडलला अडकवलेले, आणि काका त्यांच्यामागून भोंगा वाजवत हळूहळू पुढे सरकतायत.

मुलुंड चेकनाका. इथे मुंबई संपते, अगदी खरोखर संपते. पुण्याला जाणाऱ्या गाडीला दुसरी वाट नाही. वाशीच्या खाडीवर अजून पूल झालेला नाही, तो दोन वर्षांनी होईल. त्यामुळे घाटावर जाणारं जग सगळं या एका दारातून जातं. जकातीसाठी ट्रकांची रांग लागलीय, ड्रायव्हर लुंगी सावरत चहा पितायत, हमाल पोत्यांवर झोपलेत. डिझेल, गूळ, कांदे, म्हशी. "येताना इथंच डिकी उघडायला लावतात," काकू तुमच्या कानात सांगतात, "तांदळाची पिशवी दिसली तर संपलंच." रेशनचे दिवस आहेत. जाताना मात्र कोणी बघत नाही, आणि नाका ओलांडला की गाडीतल्या आठही जणांचा आवाज एकदम वाढतो. तुमचाही.

ठाण्यातून कळव्याचा पूल, मग मुंब्र्याचा चिंचोळा रस्ता. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि डोंगरावर उंच मुंब्रादेवीचं देऊळ. आजींनी हात जोडले. समोरून एसटी आली की काका गाडी थेट कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात. शीळफाटा ओलांडला की एकदम मोकळं. तळोज्याच्या बाजूला भाताची खाचरं कापून सुकलेली, जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा, आणि कुठून तरी धुराचा वास येतोय. घाबरू नका, वणवा नाही. पावसाआधी शेतकरी राब भाजतायत. पाचोळा, फांद्या, शेण पसरून रोपांची जागा जाळून घ्यायची आणि मग तिथे भात पेरायचा. हा वास, वाळलेल्या पानांचा आणि गरम मातीचा, पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत तुमची सोबत करील. मला विचाराल तर कोकणातल्या उन्हाळ्याचा खरा वास आंब्याचा नाही, हा आहे.

पनवेलला पहिला थांबा. नीरा सकाळीच प्यायची, ऊन चढलं की ती आंबते, म्हणून काकांनी सगळ्यांना पेला पेला पाजली. गार, गोड, किंचित धुरकट. शेजारी एक बाई कोयत्याने ताडगोळे सोलतेय. सोललेला गोळा तळहातावर घ्या. तो थंड असतो, थरथरतो, आणि दात लावला की आतलं पाणी थेट कोपरापर्यंत ओघळतं. कोपर पुसायला रुमाल काढू नका, त्यात लिंबू आहे.

पळस्प्याला गोव्याचा रस्ता उजवीकडे फुटला. त्या बाजूला कर्नाळ्याचा आंगठा दिसतो. मोठा चुलतभाऊ लगेच आपला आंगठा खिडकीबाहेर काढून दाखवतो. तुम्ही मात्र डावीकडे बघा. प्रबळगडाची लांबलचक भिंत, मागे माथेरानचा सपाट माथा, आणि मधे इरशाळचा सुळका. नीट निरखलंत तर त्या सुळक्याला आरपार भोक दिसेल, आभाळाचा निळा ठिपका. त्याला नेढं म्हणतात. गाडी जरा पुढे सरकली की ठिपका मिटतो. ताई सांगते, ज्याला आधी दिसलं त्याला पहिली पुरी.

ऊन आता पांढरं झालंय. डांबर वितळून टायरखाली चर्र चर्र करतंय. खिडक्या उघड्या आहेत, पण वारा चुलीच्या तोंडाशी बसल्यासारखा लागतो. डोंगर सगळे तपकिरी, गवत जळून गेलेलं, ज्या कड्यांवरून पावसाळ्यात धबधबे कोसळतात तिथे आता नुसते काळे ओघळ. या कोरड्या डोंगरात बहावा मात्र फुललाय. एकही पान नाही, नुसते पिवळे झुंबरांचे घोस. दर वळणावर कोणीतरी ओरडतं, "तो बघ आणखी एक!" डोंगर उन्हाळ्यात रुक्ष असतो असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात हा रस्ता पाहिलेला नसतो. हिरव्यात हरवणारं झाड या तपकिरीत कोसभरावरून दिसतं, आणि गवत नसल्यामुळे डोंगराची हाडं, त्याचे थर, त्याच्या खिंडी सगळं उघडं वाचता येतं.

खोपोली. काकांनी गाडी झाडाखाली लावली आणि चेहरा गंभीर केला. इथे सगळेच गंभीर होतात. ट्रकवाले टायरांवर हातोडी मारून आवाज ऐकतायत, क्लीनर रेडिएटरमध्ये पाणी भरतायत, एसटीचा ड्रायव्हर उतरून चूळ भरतोय. बटाटेवड्यांची कढई उकळतेय. एक गरम वडा खा, जास्त नको. आजी बजावतात, "भरल्या पोटी घाट नाही." काका बॉनेट उघडून एक जुना पंचा भिजवतात आणि पेट्रोलच्या पंपाभोवती गुंडाळतात. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं पण गाडी गोगलगाईच्या गतीने चालते. समोरून पुरेसा वारा लागत नाही, पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजिनाला थेंब मिळत नाही. ओला पंचा त्यावरचा सर्वमान्य उपाय आहे.

आजोबा तुम्हाला वर बघायला सांगतात. डोंगराच्या अंगावरून जाड काळे नळ खाली उतरलेत. टाटांचं वीजघर, १९१५ सालचं. वळवण, शिरवता, लोणावळा इथल्या तलावांत पावसाळ्याचं पाणी साठवायचं, ते या नळांतून पाचशे मीटरहून खाली सोडायचं, आणि त्या जोरावर चाकं फिरवायची. मुंबईच्या गिरण्यांना पाण्यावरच्या विजेचा पहिला पुरवठा इथूनच गेला. चाकं फिरवून झालेलं पाणी पाताळगंगेला मिळतं. "पाणी जेवढं खाली येतं," आजोबा म्हणतात, "तेवढं आपल्याला वर जायचंय." इतका वेळ जो डोंगर नुसता दिसत होता, त्याची उंची आता त्या नळांवरून मोजता येते, आणि पोटात पहिल्यांदा गोळा येतो.

चढ सुरू. दुसरा गिअर. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि काकांनी दांडा ओढला. पहिला. इंजिनाचा आवाज एकदम रडका झाला. गाडीतलं बोलणं थांबलं. पुढे एक ट्रक, त्याच्या मागे एक ट्रक, त्याच्या मागे आपण. मागच्या फळ्यावर 'हॉर्न ओके प्लीज', आणि फळ्याखालून काळा धूर थेट तुमच्या तोंडावर. काचा लावायची सोय नाही, गुदमराल. ताईचा चेहरा पिवळा पडलाय. आता काढा ते लिंबू. नखाने साल खरवडा आणि तिच्या नाकाशी धरा. दोन वळणांनंतर तुम्हालाही लागेल.

डावीकडे काळ्या-पांढऱ्या रंगाचे दगडी खुंट आणि त्यांच्यापलीकडे काहीही नाही. खाली खोपोलीची घरं, मघाशी वडा खाल्ला ती कढई कुठेतरी तिथेच. वरून उतरणाऱ्या गाड्यांनी थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, हा घाटाचा नियम, आणि एवढ्या धुरात, एवढ्या भोंग्यांत तो पाळला जातो. उतरणारी लाल एसटी कड्याला चिकटून उभी राहते. तिचा ड्रायव्हर हात बाहेर काढून बोटांनी सांगतो, मागे किती गाड्या आहेत. काका मान हलवतात. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत.

आणि मग वाफ. आधी गोडसर, गंजट वास आला, मग बॉनेटच्या फटींतून पांढरा फवारा. काका ओरडतात, "उटी! उटी लाव!" तुम्ही दाराशी आहात, म्हणजे काम तुमचं. उडी मारा, कडेचा दगड उचला, मागच्या चाकाला लावा. दगड तापलेला आहे, हात भाजेल, सोडू नका. मागच्या ट्रकचा क्लीनर, तुमच्याहून लहान असेल, धावत येऊन दुसऱ्या चाकाला त्याची लाकडी उटी लावतो. झाकणाला हात घालणाऱ्या काकांना त्याचा सरदारजी ड्रायव्हर लांबूनच थांबवतो. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंड भाजतं. नुसतं थांबायचं. किती? गाडी सांगेल तेवढं.

तर थांबा. घड्याळ बघू नका. या घाटात अशी थांबलेली दुसरी गाडी पलीकडच्या वळणावर आहे, तिसरी त्याच्या खाली.

इंजिन बंद झाल्यावर पहिल्यांदा डोंगराचा आवाज येतो. रातकिड्यांचा एकसुरी किर्र आवाज, उन्हात तडकणाऱ्या शेंगा, खूप खाली कुठेतरी गुराच्या गळ्यातली घंटा. दगडी खुंटाला टेकून उभे राहा. समोरच्या कड्यात बोगद्याचं काळं तोंड आहे. त्यातून मालगाडी बाहेर येते, पुढे इंजिन, मागेही ढकलणारी इंजिनं, आणि तीही आपल्यासारखीच दमत दमत चढतेय. हा लोहमार्ग १८६३ सालचा. डोंगर फोडताना मेलेल्या मजुरांची संख्या मोठी आहे, नावं कुठे लिहिलेली नाहीत. आजोबा एवढंच म्हणतात आणि टोपी काढून कपाळ पुसतात.

जाळीतून एक ठाकर बाई वर येते, डोक्यावर टोपली, कडेवर मूल. करवंदं. पानाच्या द्रोणात काळीभोर, देठाशी पांढरा चीक. पैसे काकू देतात, पण घासाघीस आजी करतात, आणि ती संपल्यावर त्याच आजी त्या मुलाच्या हातात दोन पुऱ्या ठेवतात. करवंद दातांखाली फोडा. गोड, मग आंबट, मग जिभेवर चिकट तुरटपणा. चुलतभाऊ लगेच खेळ सुरू करतो, "कोंबडा की कोंबडी?" आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. सरदारजी खेळात ओढला गेलाय. त्याचे चार कोंबडे झालेत. तो त्याच्याकडचा अर्धा डबा पाणी आपल्या कॅनव्हासच्या पिशवीत ओततो. पुण्याला माल पोचवायचाय, रात्री परत उतरायचंय, महिन्यात किती वेळा ते त्यालाही आठवत नाही. उतरताना गाडी कुठल्या गिअरमध्ये ठेवायची हे तो काकांना हातवारे करून समजावतो. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरायचं, नाहीतर ब्रेक तापतात आणि गाडी हातात राहत नाही. हे सांगताना तो हसत नाही. खालच्या दरीत एक गंजलेली चासी उलटी पडलीय. आपण सगळ्यांनी ती मघाशीच पाहिलीय आणि कोणी काही बोललेलं नाही.

घाट तेव्हा सोपा नव्हता, आणि तो तसाच राहायला हवा होता असं मी म्हणणार नाही. रोज जिवावर उदार होऊन चढणाऱ्याला रुंद रस्ता मिळायलाच हवा होता. पण पुढे २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, बोगद्यांतून गाड्या सुळकन जाऊ लागल्या, आणि ज्या अर्ध्या तासात आपण आत्ता उभे आहोत तो अर्धा तासच उरला नाही. डोंगर काचेपलीकडे गेला. या थांब्याशिवाय तुम्हाला ना ती ठाकर बाई भेटली असती, ना सरदारजी. मला त्या अर्ध्या तासाचं जाणं सलतं, आणि म्हणूनच तुम्हाला इथे आणलंय. आणखी दोन करवंदं घ्या.

गाडी निवली. उटी काढा, दगड कडेला ठेवा, रस्त्यात टाकू नका, मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जाईल. हळूहळू चढत शिंगरोबाच्या देवळाशी आलो. लोक सांगतात, इंग्रजांना घाटाची वाट सापडेना तेव्हा ती या धनगराने दाखवली, आणि वाट सापडल्यावर त्यांनी त्यालाच मारलं. तेव्हापासून कुठलाही ड्रायव्हर इथून नाणं वाहिल्याशिवाय पुढे जात नाही. एसटीचा ड्रायव्हर गाडी न थांबवता खिडकीतून फेकतो. तुमच्या हातात काकूंनी पाच पैशाचं चौकोनी नाणं दिलंय, ॲल्युमिनियमचं, हलकं. जोरात फेका, वाऱ्यावर उडतं ते. देवळासमोरच्या फरशीवर टिंग वाजलं की समजा पोचलं.

आता डोक्यावरून एक जुना दगडी पूल जातो, १८३० सालचा. लोक त्याला अमृतांजन पूल म्हणतात, त्यावरच्या जाहिरातीवरून. तो नीट बघून घ्या. एप्रिल २०२० मध्ये पाडला, तुमच्या काळात तो नाही. पुलाखालून गेलं की उजवीकडे नागफणीचा सुळका, आणि त्याच वळणावर अचानक मानेला काहीतरी लागतं. तुम्ही दचकून कॉलर चाचपता. वारा आहे. गार वारा. खाली कुठेही नव्हता तो.

गाडीत सगळ्यांना एकदम कंठ फुटतो. ताईच्या गालांवर रंग परत आलाय. मोठा चुलतभाऊ भेंड्या सुरू करतो, पुढचं अक्षर तुमच्यावर आलंय, गा. आजोबांनी ट्रान्झिस्टर कानाशी धरलाय, घाटात नुसती खरखर होती, आता विविधभारतीचा आवाज तुटत तुटत यायला लागलाय. खंडाळ्याला रस्त्याकडेला गाडी थांबते. दूर धूसर उन्हात राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. मधल्या दरीत घार तुमच्या पायांखालून फिरतेय, तिची पाठ दिसते. काका बॉनेटवर हात ठेवून उभे आहेत. गाडीला कोणी शाबासकी दिली नाही तर ते देतील.

लोणावळ्याला घेतलेल्या दोन खोल्या पंधरा दिवस कौलांखाली रिकाम्या, बंद होत्या. दार उघडल्यावर उंदरांचा आणि जुन्या गवताचा वास. माळ्याने बंब पेटवलाय. ट्रंक उतरवा, होल्डॉल सोडा, स्टोव्हची पिन शोधा, ती हरवलीच असणार. अंगावर घातलेल्या पहिल्या तांब्यासरशी मोरीतून काळं पाणी वाहतं, सगळा आग्रा रोड आणि अर्धा बोरघाट.

संध्याकाळी बाजारात चिक्कीच्या दुकानासमोर उभे राहा. मोठ्या कढईत गूळ उकळतोय, एकाने त्यात शेंगदाणे ओतले, दुसऱ्याने ते सगळं तेल लावलेल्या फरशीवर ओतलं आणि लाटण्याने भराभर पसरलं. कडक होण्याआधी पट्टीने रेघा मारायच्या, नाहीतर वडी तुटत नाही. हातात पडलेला तुकडा अजून गरम आहे, दाढेत चिकटतो. गर्दीत मघाचा क्लीनर दिसतो. तो ट्रकवरून हात करतो आणि बोटांनी चार दाखवतो. चार कोंबडे. तुम्ही पाच दाखवा, तुमचे पाच झाले होते.

आता घरी चला. काकूंनी दुधासाठी पातेलं तुमच्याच हातात देऊन ठेवलंय, गवळी सात वाजता दुकान बंद करतो, आणि आजींना चहा लागतो.